खापरपणजीच्या फोटोत पायांमागे लोखंडी पाय दिसतोय, तो कशाचा?

पेटारा:
नमस्कार मंडळी. गणपतीत वाईच्या घरी माळ्यावरची ट्रंक उघडली. पोथ्यांच्या खाली मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला माझ्या खापरपणजीचा फोटो निघाला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंच. पुठ्ठ्याच्या कडा तिरप्या कापून त्यांना सोनेरी मुलामा दिलाय. मागचं स्टुडिओचं नाव कसरीनं खाल्लंय, 'मुंबई' तेवढं वाचता येतं.

ती उभी आहे. नऊवारी काळंभोर लुगडं, करवती काठ, खोपा, नथ, एक हात खुर्चीच्या पाठीवर. डोळे फार फिकट, काचेचे असावेत तसे. पदराचा काठ पांढरा असणार, पण आता पिवळट झालाय. फोटोभर तपकिरी ठिपके आहेत. बाकी सगळं इतकं स्पष्ट की लुगड्याच्या निऱ्या मोजता येतात, फक्त नथ जराशी पुसट आलीय. आणि तिच्या टाचांच्या मागे एक लोखंडी बैठक दिसते, कशाच्या तरी स्टँडची.

माझ्या भाच्यानं इंटरनेटवर वाचलं की त्या काळी मेलेल्या माणसाला असल्या स्टँडला बांधून उभं करत आणि फोटो काढत. तेव्हापासून घरात कुणी तो फोटो हातात घेईना. आत्या तर म्हणाली, परत ट्रंकेत टाक.

मी आमच्या गावातल्या एका दुकानातून त्याची साफ केलेली प्रत करून आणली होती, तीही दाखवते. ठिपके गेले, कपाळावर शाईचा काळा डाग होता तोही गेला. पण का कोण जाणे, ती बाई वेगळीच वाटते. मला एवढंच हवंय की कुणी जाणकारानं सांगावं, हा फोटो कधीचा आणि ती जिवंत होती का.

अंधारखोली:
ताई, ती जिवंत होती. नथीकडे बघा.

माझ्या वडिलांचा कोल्हापुरात स्टुडिओ होता, मी त्यातच वाढलो आणि पुढे चाळीस वर्षं तेच केलं. तुम्ही वर्णन केलेला स्टँड आमच्याकडे अडगळीत पडून होता. खाली जड बिडाची बैठक, वर सरकणारी दांडी, आणि टोकाला दोन बोटांची चिमटी. ती चिमटी मानेच्या वर, डोक्याच्या मागे टेकवायची. त्या काळात फिल्म नव्हती, कॅमेऱ्यात काच घालत आणि चित्र तिच्यावर उमटे. ती काच इतकी मंद असायची की चांगल्या उजेडातही काही सेकंद झाकण उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात मान हलली तर चेहऱ्याचा लगदा. म्हणून तो टेकू. मेलेल्या देहाचं वजन त्या दांडीनं पेललंच नसतं, दोन्ही आडवे झाले असते. मृतांचे फोटो तेव्हा काढत हे खरं आहे, पण ते पलंगावर निजवलेले किंवा खुर्चीत बसवलेले. तुमच्या खापरपणजीच्या खोप्याआड चिमटी लपली, बैठक मात्र नऊवारीच्या काष्ट्यामुळे झाकली गेली नाही. डोकं टेकूनं धरलं होतं, श्वास कोण धरणार? नथीचा मोती श्वासानं हलला. मेलेल्या बाईची नथ पुसट येत नाही.

आता कपाळावरच्या डागाकडे येतो. ताई, तो डाग नव्हता. ते तिचं कुंकू होतं.

अंधारखोलीत लाल दिवा लावतात हे सगळ्यांना माहीत असतं. का लावतात? कारण फोटो छापायच्या कागदाला लाल रंग दिसतच नाही. एकोणिसाव्या शतकातल्या काचेचंही तेच. तिला निळा-जांभळा उजेड तेवढा दिसायचा. त्यामुळे निळं आभाळ पांढरंफटक, लाल वस्तू काळी, पिवळीही काळपट. फिकट घारे डोळे निळसर असतील तर आणखी फिके दिसणार, काचेसारखे. आपल्या लोकांची कांतीही त्या काचेवर प्रत्यक्षापेक्षा दोन-तीन छटा गडद यायची.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आठ वर्षांपूर्वी मी हट्टानं ओल्या काचेची जुनी पद्धत करून पाहिली, फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये जगाला दिलेली. ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला बंदुकीचा कापूस, म्हणजे कलोडियन, काचेच्या मधोमध ओतायचं, काच तिरकी करत एकेका कोपऱ्यापर्यंत न्यायचं आणि उरलेलं चौथ्या कोपऱ्यातून बाटलीत परत. मग तीनेक मिनिटं सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली आहे तोवर फोटो काढायचा, ओली आहे तोवर धुवायची. मे महिना होता. पहिल्या दोन काचा कॅमेऱ्यापर्यंत नेईस्तोवर कडेनं वाळल्या. तिसरी जमली. माझी सूनबाई सावलीत सहा सेकंद बसली होती. निळं झंपर, केसात पिवळा चाफा, कपाळाला कुंकू. काच धुतल्यावर झंपर पांढरं झालं, चाफा मळकट करडा आणि कुंकू असं काळं, की काजळाचं बोट लावलंय. नायट्रेटनं माझी बोटं पंधरा दिवस काळी होती, ते वेगळंच.

तेव्हा तुमच्या दुकानदारानं ठिपक्यांबरोबर कुंकूही पुसलं. त्या काळच्या बाईचं पांढरं कपाळ म्हणजे काय, हे मी सांगायला नको. म्हणूनच ती तुम्हाला वेगळी वाटली. आणि लुगडं काळंच होतं असं धरून चालू नका. ते लाल असू शकतं, गर्द हिरवंही असू शकतं. फोटोवरून ठरवता येणार नाही.

गिरगावकर:
वरच्या उत्तराला मनापासून दाद. काळाबद्दल थोडं मी सांगतो.

हा आकार कॅबिनेट कार्डाचा, म्हणजे ठरावीक मापाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फोटोचा. तो १८६६ च्या सुमारास विलायतेत सुरू झाला, म्हणजे त्याच्या मागे तुमचा फोटो जात नाही. सोनेरी तिरप्या कडा १८८० च्या दशकात फार चालल्या. पांढरा भाग पिवळा पडणं ही अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या, म्हणजे अल्ब्युमेन कागदाची ठळक खूण. हा कागद १८५० मध्ये लुई ब्लांकार-एव्हरार यांनी आणला आणि शतक संपेपर्यंत जगभर तोच चालला. जर्मनीत ड्रेस्डेनच्या कारखान्यात त्यासाठी रोज साठ हजार अंडी फुटत. एक भिंग घ्या. चमकीच्या खाली कागदाचे तंतू स्पष्ट दिसले आणि बारीक तड्यांचं जाळं असलं, तर अल्ब्युमेनच. तंतू दिसत नसतील तर नंतरचा जिलेटिनचा किंवा कलोडियनचा कागद. माझा अंदाज १८८० ते १८९५.

मुंबईचं म्हणाल तर इथे फोटोग्राफी फार लवकर रुजली. दागेर यांची फोटो काढायची पद्धत पॅरिसमध्ये १८३९ ला जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली, कलकत्ता आणि मद्रासच्या दोन वर्षं आधी. तिच्या सभासदांत भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजीही होते. पेशानं डॉक्टर, हातात कॅमेरा. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. मला याचं फार अप्रूप वाटतं. तेव्हाच्या बहुतेक इंग्रजी आल्बमांत आपली माणसं 'जातींचे नमुने' म्हणून उभी केलेली दिसतात. विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतल्या लोकांवरच्या १८६० च्या दशकातल्या दोन खंडांत तर स्टुडिओतली माणसं वेगळ्याच देखाव्यावर बसवलेली आहेत. आणि त्याच शहरात आपलाच एक माणूस काळ्या फडक्याखाली डोकं घालून आपल्याच माणसांचे फोटो काढत होता. तुमच्या खापरपणजीच्या समोर कोण उभं होतं ते कसरीनं खाल्लं, याची हळहळ वाटते.

सांजवात:
पेटाराताई, एक विचारू? तो फोटो पाण्यानं किंवा ओल्या कापसानं पुसलात का?

पेटारा:
मी नाही. दुकानात एका कोपऱ्याला ओला कापूस लावला होता. तिथली चमक गेली आणि कागद पुठ्ठ्यावरून सुटलाय.

अंधारखोली:
तिथे आता काहीही लावू नका. डिंक नको, सेलोटेप तर अजिबात नको. अल्ब्युमेन पाण्यानं फुगतं आणि वाळताना कागदाला ओढतं. लॅमिनेशन कुणी सुचवलं तरी करू नका. सकाळी दहाच्या सुमारास ओसरीत, ऊन थेट पडणार नाही अशा जागी फोटो सपाट ठेवा आणि अगदी वरून मोबाइलनं काढा. मग धुतलेल्या, नीळ-खळ न केलेल्या सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा.

अजून एक. हे कागद उन्हात छापत. काच आणि कागद लाकडी चौकटीत एकमेकांना चिकटवून गच्चीवर ठेवायचे, चित्र आपोआप उमटायचं. मोठं करायची सोय सहसा नसे, जेवढी काच साधारण तेवढा फोटो. म्हणजे साधारण तुमच्या हातातल्या फोटोएवढीच काच त्या दिवशी तिच्यासमोर कॅमेऱ्यात होती.

पेटारा:
काल भिंग आणलं. तंतू दिसतात, तडेही दिसतात. टाचांमागच्या बैठकीवर बिडाची नक्षीसुद्धा दिसली, वेलबुट्टी आहे.

मग आत्याला शेजारी बसवून अंधारखोलीकाकांचं उत्तर सावकाश वाचून दाखवलं. आत्या शहाऐंशीची आहे. कुंकवाचं ऐकलं आणि तिनं दुकानातली प्रत मागून घेतली, बराच वेळ बघितली आणि उलटी करून ठेवली. मग म्हणाली, "घारीच होती ती. माझी आजी सांगायची, सासूबाईंचे डोळे मांजरासारखे." हे इतक्या वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. लुगड्याचा रंग मात्र तिला माहीत नाही.

भाच्याला मूळ फोटोतली नथ दाखवली. त्यानं मोबाइलवर मोठी करून पाहिली आणि मग स्वतःच ओसरीत चटई अंथरून नवीन फोटो काढला, डाग-ठिपक्यांसकट. दुकानातली प्रत आम्ही ठेवणार नाही. नवी प्रत देवघराशेजारच्या भिंतीवर लावायची असं आत्यानं ठरवलंय, आणि खाली नाव लिहायचं आहे. सासरचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, माहेरचं कुणालाच नाही. ते शोधायला पुढच्या आठवड्यात मेणवलीला जाणार आहे, तिचं माहेर तिथलं होतं असं आत्या म्हणते.

काका, नथ बघायला सांगितलीत, फार उपकार झाले.