चार चाकं आहेत म्हणून एटीव्ही मुलांची होत नाही

रानवाट:
परवा इथे 'मुलांना धीट करा' असा लेख आला. नऊ वर्षांच्या मुलाने एटीव्ही (मोटरसायकलसारखं हँडल आणि सीट असलेली, कच्च्या वाटांवरची चारचाकी) चालवली, बाबा मागे बसले, आईने व्हिडिओ काढला. शेवटी सल्ला असा की चार चाकं आहेत, उलटत नाही, सायकलपेक्षा सुरक्षित. खाली कौतुकाचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

'उलटत नाही' हे कुठून काढलं? हे यंत्र उंच, आखूड आणि अरुंद असतं. ते सरळ राहतं ते चालवणाऱ्याच्या अंगामुळे. चढाला पुढे झुकायचं, उताराला मागे सरकायचं, वळणावर आतल्या बाजूला भार द्यायचा. मोठ्यांचं मशीन अडीचशे-तीनशे किलोंच्या घरात. तीस किलोच्या पोराने कुठला भार कुठे द्यायचा? सायकल अंगावर पडली तर पोर गुडघा झाडून उठतं.

आता भाच्याची गोष्ट. वय दहा. चढ कसला, उंचवटाच. अर्ध्यावर मशीन दमलं आणि मागे घरंगळायला लागलं. घाबरलं की मूल मुठी आवळतं, आणि ॲक्सिलरेटर असतो नेमका अंगठ्याखाली. तो दाबला गेला, पुढची चाकं उठली आणि सगळं मागच्या मागे पालथं. हँडल त्याच्या छातीवर आडवं. पोरगा ओरडला नाही. ओरडायला आत हवा लागते. वर चाकं फिरत होती, माती आमच्या तोंडावर उडत होती. आम्ही चौघांनी जोर लावून ते उचललं, त्यात सायलेन्सरला लागून माझा तळहात सोलला. दोन फासळ्या आणि गळपट्टीचं हाड, एवढ्यावर निभावलं. वेग किती होता? मी शेजारून चालत होतो, तेवढा.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते, सोळाच्या आतल्यांनी एटीव्ही चालवूच नये. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या नोंदींत १९८२ पासून सोळाच्या आतली तीन हजारांहून जास्त मुलं गेली आहेत. हे धीटपणाचं शिक्षण असेल तर फी फार झाली.

मोकळा_श्वास:
लेख माझा होता, तेव्हा नाव घेऊन बोललात तरी चाललं असतं. भाच्याचं वाईट वाटलं, मनापासून. पण त्याला दिलेलं मशीन मोठ्यांचं होतं ना? मग दोष मशीन निवडणाऱ्याचा, एटीव्हीचा नाही. मुलांसाठी वेगळी मशिनं येतात. त्यांवर ६+, १०+, १२+ असं लिहिलेलं असतं. सहावाल्या मशीनचा वेगमर्यादक पूर्ण सोडला तरी ते ताशी २४ किलोमीटरच्या पुढे जात नाही. हेल्मेट होतं, बूट होते, मोकळं मैदान होतं. प्रत्येक गोष्टीत मरण बघायचं ठरवलं तर मुलांनी करायचं काय, मोबाइल?

कडूजार:
आला, मोबाइल आला! मी वाटच बघत होतो. कुठल्याही धोक्याला आपल्याकडे एकच उतारा: 'मग काय मोबाइल घेऊन बसू दे?' एटीव्ही आणि मोबाइल यांच्यामध्ये चेंडू नावाची एक वस्तू मिळते.

शुद्धलेखक:
मूळ लेखात 'सवारी केली' असं होतं. मराठीत रपेट करतात, फेरफटका मारतात. सवारी राजाची निघते. बाकी चालू द्या.

जुनी_आगपेटी:
आम्ही ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून वाढलो. उताराला बैलगाडी सोडून मागे पळायचो. कुणी हेल्मेट दिलं नाही, कुणी संघटना काढली नाही. सगळे आहोत अजून. हल्लीची मुलं जरा खरचटलं की एक्स-रे काढतात. रानवाट, तुमचा भाचा उठून परत बसला असता तर जन्मभर घाबरला नसता.

वॉर्डातली:
काका, 'सगळे आहोत अजून' हे फक्त जे आहेत तेच म्हणू शकतात. नसलेले धाग्यावर लिहायला येत नाहीत.

मी हाडांच्या वॉर्डात अकरा वर्षं काढली आहेत. सायकलवरून पडलेलं मूल मनगट धरून येतं. या मशीनखाली आलेल्या मुलाला तपासताना आम्ही आधी हाडं बघत नाही, आधी पोट, छाती, डोकं. हेल्मेट डोकं वाचवतं, आणि ते घालायलाच हवं, पण छातीवर बसलेल्या वजनाला हेल्मेट काय करणार? बाहेर एकही जखम नसलेला मुलगा श्वास दाबला गेल्यामुळे निळा पडलेला मी पाहिला आहे. आई सारखी म्हणत होती, 'हळूच चालवत होता हो.'

रानवाट:
मोकळा_श्वास, एक प्रश्न राहिला. तुम्ही मुलाच्या मागे बसला होता, हे तुम्हीच लिहिलं आहे. मग ते मुलांचं मशीन कसं? मुलांच्या मशीनवर तुम्ही बसला असाल तर ते चुकीचं, आणि मोठ्यांचं असेल तर तुमचं ६+, १०+ सगळं पुराण कशाला?

मोकळा_श्वास:
मोठ्यांचं होतं, कबूल. पण ताबा माझ्याकडे होता. हात हँडलवर माझेही होते. आणि कंपनीने एवढी लांब सीट दिली आहे ती दोघांसाठीच ना? शोभेला का देतील?

स्पॅनर:
ही सीटची गोष्ट ऐकली की माझं डोकं फिरतं. बावीस वर्षं ही मशिनं खोलतोय. सीट लांब असते ती एकट्याने पुढे-मागे सरकायला. रानवाटने सांगितलं तसं भार देण्याच्या मशीनमध्ये सीट हीच अर्धी सुरक्षा. मागे माणूस बसला की सरकायची जागा संपली आणि भार मागच्या ॲक्सलवर. चढाला पुढची चाकं हलकी होतात, मग हँडलवर कितीही हात असोत. 'मागे कुणाला बसवू नका' हा स्टिकर मशीनवरच असतो. लोक त्यावर फडकं मारून चकाचक ठेवतात, वाचत नाहीत.

मोकळा_श्वास:
मग दोघांसाठीची मशिनं विकतात ती काय?

स्पॅनर:
विकतात. चाकांमधलं अंतर जास्त, मागे वेगळी बैठक, धरायला दांडे, पाय ठेवायला जागा. हे तुमचं मान्य. फक्त त्यातही चालवणारा मोठा माणूस असावा लागतो आणि मागच्याचे पाय नीट टेकायला हवेत. तुम्ही नेमकं उलटं केलंत.

जुनी_आगपेटी:
सीटचं सोडा. रिव्हर्स गिअर टाकायच्या आधी मागे बघायची सवय कुणाला आहे? खरा प्रश्न तो आहे.

कडूजार:
काका, सीटचं सोडलं तर इथे उरतं काय? स्पॅनर, एक शंका. दोघांच्या मशीनवर तीन बसले तर?

स्पॅनर:
कडूजार, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा. डांबरी रस्त्यावर फिरवणाऱ्यांनी मात्र हे वाचा. बऱ्याच एटीव्हींचं मागचं ॲक्सल एकसंध असतं, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ते कापता येत नाही. मातीत टायर घसरून निभावतात. डांबरावर फुगीर, कमी हवेचे टायर पकडतात आणि मशीन बाहेर फेकायला बघतं. रिकामा रस्ता बघून पोराला देणारे हेच करतात.

'चार चाकं म्हणजे पडत नाही' हा समजही तीन चाकांच्या काळातला आहे. होंडाने १९७० मध्ये तीनचाकी काढली. एवढे अपघात झाले की १९८८ मध्ये अमेरिकेत सरकारशी समझोता होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली, आणि २००८ च्या कायद्याने बंदीच आली. चौथं चाक लावलं, उलटणं राहिलंच.

अनामिका_आई:
माझं मत रानवाटच्या बाजूचं आहे, तरी एक गोष्ट खटकली. 'आईने व्हिडिओ काढला' हे तुमच्या पहिल्या ओळींतच का? मशीन बाबांनी निवडलं, बाबा मागे बसले, परवानगी बाबांची. अपघात झाला असता तर तोही आईच्या मोबाइलवर फोडला असता.

रानवाट:
ताई, मी फक्त लेखात होतं ते सांगितलं.

अनामिका_आई:
लेखात बाबांचा गॉगलही होता. तो नाही सांगितला.

रानवाट:
बरं, चुकलं.

मोकळा_श्वास:
गॉगल डोळ्यांत माती जाऊ नये म्हणून होता, फॅशन नव्हती. विषयावर येतो. एवढाच धोका असेल तर बंदी का नाही? ऑस्ट्रेलियाने बघा शहाणपणा केला. ऑक्टोबर २०२१ पासून तिथे शेतावरच्या नव्या क्वाडला (एटीव्हीलाच तिथे क्वाड म्हणतात) चालवणारा चिरडू नये म्हणून संरक्षक कमान सक्तीची. होंडा आणि यामाहा तर त्या बाजारातून बाहेर पडले. म्हणजे उपाय तंत्रज्ञानात आहे.

वॉर्डातली:
ही सक्ती मुलांच्या मशिनांना नाही. ज्यांच्यासाठी भांडताय, त्यांच्यासाठीच ती नाही.

मोकळा_श्वास:
तुम्हाला सगळंच ठाऊक असतं, छान आहे.

वॉर्डातली:
मलम लावता लावता वाचते. वरच्या अकरा वर्षांत तेवढं जमलं.

जुनी_आगपेटी:
भांडू नका. रात्री झोप लागली नाही म्हणून सांगतो, आमच्यातला एकजण ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून पडला होता. मागच्या चाकाखाली आला. मी तेव्हा बारा वर्षांचा. त्याचं नाव मी कालच्या 'सगळे आहोत' मध्ये धरलं नव्हतं. का धरलं नाही, ते मलाही कळत नाही. मुलांना घाबरवू नका हे माझं म्हणणं कायम आहे, ते मागे घेत नाही.

रानवाट:
काका, वाईट वाटलं. मुलांना घाबरवायचं माझंही म्हणणं नाही.

मोकळा_श्वास:
मी पटलं असं म्हणत नाही. पोराला मैदानात नेणारच. मागे बसणार नाही, एवढं करतो. मुलांचं मशीन भाड्याने मिळतं का ते बघतो, नाही मिळालं तर सायकल. झालं समाधान? आणि स्पॅनर, मुलांच्या मशीनवर वेग बांधायचा स्क्रू असतो म्हणतात, तो कुठे?

स्पॅनर:
अंगठ्याच्या ॲक्सिलरेटरच्या डबीवर बघा, बारीक स्क्रू आणि मागे लॉकनट. आत फिरवला की अंगठा कमी जातो. लॉकनट घट्ट करायला विसरू नका, धक्क्यांनी स्क्रू परत बाहेर येतो. शिवाय इंजिन बंद करायची दोरी असते, ती पोराच्या मनगटाला अडकवा, हँडलला गुंडाळून ठेवू नका. पोर पडलं की दोरी ओढली जाते आणि इंजिन थांबतं. तरी सांगतो, उलटलं तर मशीनचं वजन तेवढंच राहतं.

रानवाट:
भाच्याच्या वेळी ती दोरी हँडललाच गुंडाळलेली होती. मीच गुंडाळली होती, लोंबकळत होती म्हणून.

शुद्धलेखक:
लोंबत होती.