फुकट आहे म्हणून लँग्वेज ट्रान्सफर जुजबी ठरत नाही

लँग्वेज ट्रान्सफर फुकट म्हणून वरवरचं, स्पॅनिश शिकायचं तर पैसे मोजून पिम्सलरच घ्या, हे इथल्या चर्चेतलं मत पटलं नाही. दोन्ही ऐकून भाषा शिकायचे कोर्स, पण त्यांचं काम वेगळं आहे. पिम्सलरचा अर्ध्या तासाचा धडा वाक्यं तोंडात बसवतो. तेच शब्द वाढत्या अंतराने पुन्हा विचारायचे, ही पॉल पिम्सलर यांनी १९६७ साली मांडलेली कल्पना. व्याकरणाचे नियम मात्र तिथे फारसे उलगडत नाहीत. लँग्वेज ट्रान्सफरचे ९० धडे वाक्य आपलं आपण रचायला लावतात, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं.

एक गोष्ट चर्चेत कुणी लिहिली नाही. हे कोर्स इंग्रजी बोलणाऱ्यांना समोर ठेवून केलेत, त्यामुळे मराठी माणसाने सगळीकडे सारखा वेळ घालवू नये. स्पॅनिशचा त आपल्यासारखाच दंत्य, म्हणजे जीभ दातांना लावून म्हणायचा, तिथे ट आणू नका म्हणजे झालं. दोन स्वरांमधला द मात्र फार मऊ असतो, तो कान देऊन ऐका. लिंगानुसार बदलणारं विशेषण, कर्त्यानुसार बदलणारं क्रियापद आपल्या अंगवळणी आहेच. थांबायचं ते 'सेर' आणि 'एस्तार' या 'असणे' अर्थाच्या दोन वेगळ्या क्रियापदांपाशी, कारण आपण दोन्हीकडे 'आहे' म्हणून मोकळे होतो.

नागपुरात खापरीहून बर्डीला मेट्रोने येताना मी लँग्वेज ट्रान्सफर ऐकते, उत्तरं मनातल्या मनात जुळवता येतात. पिम्सलरला मोठ्याने बोलावंच लागतं, ते सकाळी अंबाझरीला चालताना.