मेसमध्ये रोज बकेटीभर अन्न फेकल्या जाते, काय करावं?

नवा_मेस_सेक्रेटरी (नागपूर)
राजेहो, मी इथल्याच एका कॉलेजच्या हॉस्टेलवर राहतो, यंदा मेस कमिटीत आलो. रात्रीच्या जेवणाले २६० पोट्टे असतात. मागच्या आठवड्यात आम्ही तिघांनी ताटं ठेवतात तिथं वजनकाटा मांडला, सहा दिवस, अन् रोज २० किलोच्या वर उष्टं निघालं, पातेल्यात उरलेला भात वेगळाच. शनिवारी तर अर्धे जण गावी जातात, कोणी काटोल कोणी उमरेड कोणी वर्धा, पण स्वयंपाक पुऱ्या २६० चा होते. ठेकेदाराले विचारलं तर तो म्हणे मले आकडा कोण सांगते, अन् ते त्याचं खरंच आहे.
अजून एक गोष्ट मनाले लागली. ज्या बाया आमच्या पोळ्या लाटतात त्या घरून डबा आणतात, त्यायले मेसचं जेवण नाही, अन् उरलेलं त्यायच्याच हातून फेकून घेतल्या जाते. हे पाहवत नाही.
कचरा कमी कसा करायचा, चांगलं उरलेलं कोणाले द्यायचं, भाजी शेतकऱ्याकडून सरळ घेता येते का, सांगा. मेसबिल वाढलं नाही पाहिजे, आमच्यातले लई जण कास्तकाराच्या घरचे आहेत.

जुना_सेक्रेटरी
भाऊ वजन केलं हे फार चांगलं केलं, बहुतेक जण तिथपर्यंत येतच नाहीत. आता एक करा, उष्ट्यात काय परत येतं ते पण लिहा. आमच्याकडे दुधीच्या दिवशी सगळ्यात जास्त यायचं, आणि भात रोजच, कारण लाइन लांब असली की वाढपी एकदाच ढीग घालून मोकळा होतो. आम्ही डाव लहान आणला, भात अर्धा वाढायचा आणि पाहिजे त्याने परत मागायचा, त्यासाठी दुसरी छोटी लाइन ठेवली. यानेच भाताचं उष्टं खूप कमी झालं. शनिवार रविवारसाठी गुरुवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नावं घ्या, कोण नाही ते, आणि ज्याने वेळेत कळवलं त्याचे त्या दिवसाचे पैसे बिलातून कमी करा, नाहीतर कोणी कळवत नाही.
आणि कृपा करून दंड लावू नका. आम्ही उष्ट्यावर १० रुपये लावले होते तर पोट्टे ताट झाकून रूमवर न्यायचे आणि मागच्या नालीत ओतायचे, उंदीर झाले सगळीकडे, पंधरा दिवसांत बंद करावं लागलं.

मेसवाली_ताई
बाळा मी १४ वर्षांपासून मेस चालवते, मुलीकडून टाईप करून घेत आहे. उरलेलं द्यायचं असेल तर आधी नीट ऐक. ताटातलं तर नाहीच, पण काउंटरवर तासभर उघडं राहिलेलं पण कोणाले देऊ नको. शिजलेलं अन्न ६० डिग्रीच्या वर गरम राहिलं पाहिजे नाहीतर लवकर फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, मधल्या तापमानात राहिलं की खराब होते, भात तर सगळ्यात आधी, अन् नागपूरचा मे महिना तुले माहीत आहे, ४५ च्या वर पारा जाते. म्हणून द्यायचं ते वाढायच्या आधीच वेगळं काढ, झाकणाच्या डब्यात, अन् नेणाऱ्याले वेळ सांगून ठेव. तसं म्हणशील तर आकडा बरोबर आला की द्यायले फार उरतच नाही.
बायांचं म्हणशील तर आमच्याकडे बाया अन् वाढपी साडेअकराले जेवतात, पोट्ट्यांच्या आधी, ताजं. ते मी करारातच लिहून घेतलं, कारण तोंडी ठरलेलं ठेकेदार बदलला की जाते.
भाजी मी कळमन्याच्या ठोक बाजारातून आणते. शेतकऱ्याकडून सरळ घेता येते पण मग त्याचा आलेला माल पूर्ण घ्यावा लागते, अन् भाव आधी ठरवावा लागते, आज स्वस्त दिसलं म्हणून बाजारात पळायचं नाही. हिवाळ्यात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगे, तुरीच्या शेंगा भरपूर असतात, तेव्हापासून सुरू कर. उन्हाळ्यात पालेभाजी दुपारपर्यंत वाळते, तेव्हा पाटोडी रस्सा, झुणका, गोळाभात कर, बेसन अन् डाळीवर काम भागते अन् असं जेवण पोट्टे ताटात ठेवत नाहीत. ज्वारीच्या भाकरी २६० जणांच्या तुमच्या बायायले रोज थापायले लावू नको, त्यायचे हात जातात. आठवड्यातून एक दिवस जवळच्या बचत गटाकडून घे.

कृषीवाला
तरीपण साली, देठं, उष्टं निघणारच. कंपोस्ट करत असाल तर ओल्याच्या दुप्पट तिप्पट सुका पाला टाका, आकारमानाने, कॅम्पसमधला झाडलेला पाला जाळणं पण बंद होईल. नुसतं वरण भात टाकलं की सडतं आणि वास येतो, मग लोक खड्डाच बुजवायला सांगतात. बायोगॅस बसवणार असाल तर सुरुवातीला शेणकाला लागतो, आणि संत्र्याची सालं त्यात ढीगभर टाकू नका, सालीतल्या तेलाने आणि आंबटपणाने गॅस कमी होतो, हिवाळ्यात थंडीने पण गॅस कमी येतो. प्रिन्सिपल ऐकत नसतील तर घनकचऱ्याचे सध्याचे नियम दाखवा, २०१६ च्या नियमांत ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांनी ओला कचरा वेगळा करून शक्य तितका आपल्याच आवारात जिरवावा असं होतं.

नवा_मेस_सेक्रेटरी
सगळ्यायचे मनापासून आभार. या गुरुवारपासून नावं घेऊन राहिलो अन् लहान डाव उद्याच आणतो. ताई, करारातलं ते वाक्य इथं टाकाल का? आमच्या ठेकेदाराचा करार मे मध्ये संपते, नवीन करारात पहिलंच तेच टाकायचं आहे.

मेसवाली_ताई
लिहून घे. "स्वयंपाकघरातील व वाढपाच्या सर्व कामगारांना दोन्ही वेळचे जेवण विद्यार्थ्यांच्याच पदार्थांचे, ताजे, बसून व विद्यार्थ्यांच्या आधी दिले जाईल, त्याचे पैसे पगारातून कापले जाणार नाहीत." 'बसून' हा शब्द काढू देऊ नको.