लग्नाच्या व्हीसीडी कॉम्प्युटरवर कॉपीच होत नाहीयेत, काय करू?

गोधडी
नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या भावाचं लग्न २००३ साली कराडला झालं, त्याच्या तीन व्हीसीडी आईने कपाटात साड्यांच्या घडीत जपून ठेवल्यात. प्लेअर केव्हाच भंगारात गेला. पण त्यात घाणा भरतानाचं शूटिंग आहे, आजी जात्यावर ओव्या म्हणतेय, आणि आजीचा आवाज आमच्याकडे दुसऱ्या कशातच नाही, म्हणून हे मला करायचंच आहे. यूएसबीवाला डीव्हीडी ड्राइव्ह आणला, लॅपटॉपवर उबंटू आहे. सीडी उघडते, एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसतो, आत साडेचारशे एमबीची एक डॅट फाईल पण दिसते, पण कॉपी करायला गेलं की पहिल्याच सेकंदाला इनपुट-आउटपुट एरर. तिन्हींना तेच. दुकानात दाखवल्या तर म्हणाले खराब झाल्यात, टाकून द्या. खरंच गेल्या का? आणि व्हीसीडी आता कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये चालते तरी का?

तारयंत्र
ताई, अजिबात टाकू नका!! तिन्ही सीडी अगदी सुरुवातीलाच अडतायत ना, मग बिघाड सीडीत नाही. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे सीडीवरच्या एका छोट्या कप्प्यात, २०४८ बाइट डेटा असतो आणि उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करायची माहिती. १९९३ मध्ये व्हीसीडी ठरली तेव्हा ती दुरुस्तीची जागाही व्हिडिओलाच देऊन टाकली, म्हणजे सेक्टरला २३२४ बाइट, कारण सव्वा तासाच्या आसपास पिक्चर एका सीडीवर बसवायचा होता, आणि एखादा सेक्टर नाही वाचला गेला तरी पडद्यावर क्षणभर चौकोन दिसतात, पिक्चर पुढे चालू राहतो. लिनक्सची नेहमीची कॉपी मात्र २०४८ च्या हिशेबाने मागते, ते जमत नाही आणि एरर येतो. विंडोजवर हीच फाईल सरळ कॉपी होते.

व्हीएलसी अजून व्हीसीडी चालवतो, मीडिया मेनूत ओपन डिस्कमध्ये जाऊन एसव्हीसीडी/व्हीसीडी निवडा, फोल्डरमधून उघडायला जाऊ नका. कॉपीसाठी उबंटूच्या सॉफ्टवेअर भांडारात व्हीसीडी इमेजर आहे ते टाका, त्यातली व्हीसीडीएक्सरिप कमांड प्रत्येक ट्रॅकची वेगळी एमपीजी फाईल काढून देते.

नदीकाठ
एवढं कशाला, आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एकच फाईल, काढून ठेवा की सरळ.

तारयंत्र
नको, इथेच लोक फसतात. साध्या आयएसओत सेक्टरला २०४८ च बाइट मावतात, व्हिडिओ धड येतच नाही, आणि ते कळतं सीडी फेकून दिल्यावर. पूर्ण सीडीची प्रत हवी असेल तर बिन-क्यू काढा, त्या जोडीच्या फाईलींत सेक्टर पूर्ण येतात, विंडोजवर इमगबर्न हे सॉफ्टवेअर व्हीसीडीला स्वतःहून तेच देतं. त्याचं २०१३ नंतर नवीन व्हर्जन आलेलं नाही तरी काम करतं.

दूरदेशी
मी न्यू जर्सीत असतो, माझ्याकडे एचडी डीव्हीडीचा, म्हणजे ब्लू-रेशी स्पर्धेत हरलेल्या डिस्कचा, गठ्ठा आहे. तोशिबाने १९ फेब्रुवारी २००८ ला तो फॉरमॅट सोडला, म्हणजे व्हीसीडीपेक्षा कितीतरी नवा, पण वाचवायला त्याच्या दसपट अवघड. डिस्कला कॉपी होऊ नये म्हणून कुलूप, बहुतेक ब्लू-रे ड्राइव्ह ती वाचत नाहीत, एक्सबॉक्स ३६० चा तो बाहेरचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह शोधून पीसीला यूएसबीने लावावा लागला. मेकएमकेव्ही हे डिस्क उतरवायचं सॉफ्टवेअर अजून सपोर्ट देतं म्हणून माझं निभावलं, तरी काही डिस्क नुसत्या डब्यात बसून वाचेनाशा झाल्यात. व्हीसीडीला कुलूपच नव्हतं, तिच्यातला व्हिडिओ ज्या एमपेग-१ पद्धतीचा असतो तिची पेटंटं कधीच संपली, त्यामुळे कुणीही ती चालवायचा कोड लिहू शकतं, कंपनी असो नसो. घाई करा एवढंच सांगेन, सॉफ्टवेअर थांबेल पण सीडीवरचा थर थांबत नाही.

तारयंत्र
अगदी खरं. आणि ताई, टीव्हीसाठी एमपी४ कराल तेव्हा ४:३ सांगा, चित्र ३५२ बाय २८८ चं असतं पण पिक्सेल चौरस नसतात, नाहीतर सगळे थोडे बारीक दिसतील. मूळ एमपीजी मात्र ठेवाच, एमपी४ करताना चित्र अजून थोडं उतरतं आणि व्हीसीडीत आधीच फार काही शिल्लक नाही.

गोधडी
दोन झाल्या!!! कमांड चालवली आणि पहिल्या फटक्यात फाईल आली. आजी दुसऱ्या सीडीत निघाली, साधारण सहा मिनिटं आहे, मध्ये दोनदा चौकोन येतात पण आवाज स्पष्ट आहे, आईने ओव्या वहीत उतरवून घ्यायला सुरुवात पण केली. तिसरी ३८ व्या मिनिटाला अडकतेय, तिच्यावर खरंच ओरखडा आहे.

तारयंत्र
वा! तिसरी मऊ कपड्याने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. मग दुसऱ्या ड्राइव्हवर स्पीड कमी करून लावा, जुना डेस्कटॉपचा मिळाला तर उत्तम, एकाला न वाचलेली जागा दुसरा बऱ्याचदा वाचतो.

गोधडी
काकांकडे माळ्यावर जुना डेस्कटॉप आहे, रविवारी जाऊन लावून बघते आणि इथे सांगते.