मदत हवी आहे: प्रार्थनेसाठी शब्द सुचत नसताना काय वाचावे?

आठ महिन्यांपासून घरातील रुग्णाची शुश्रूषा करीत असताना माझी प्रार्थना जवळजवळ थांबली आहे. देवावरील विश्वास गेलेला नाही, परंतु आशा उरलेली नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असे मला वाटते. स्वतःचे शब्द सुचत नाहीत म्हणून मी बायबलमधील स्तोत्रसंहितेतील विलापाची स्तोत्रे मोठ्याने वाचू लागलो. १३ वे स्तोत्र ‘कोठवर’ या प्रश्नाने सुरू होऊन सहाव्या वचनापर्यंत स्तुतीकडे वळते. ते वळण मला पेलत नाही. उलट ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि (विचित्र वाटेल, पण) तेच मला अधिक जवळचे वाटते. बायबलमधीलच विलापगीत या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील २२ व २३ ही वचने (देवाची दया रोज सकाळी नवी होते, असे सांगणारी) पाठ आहेत, तरी ती ओठांवरच राहतात.

पाळकांशी बोलणे झाले आहे व समुपदेशनही चालू आहे, त्यामुळे कृपया ते सुचवू नये. वाचनासाठी रात्रीची जेमतेम १५ मिनिटे मिळतात, तीही एकट्याला.

ज्यांनी असा दीर्घ काळ काढला आहे, त्यांना विचारायचे आहे: काही आठवडे ८८ व्या स्तोत्रावरच थांबावे, की त्याच्या जोडीला आणखी एखादा उतारा रोज वाचावा, आणि तसे असल्यास कोणता?