वंशावळ, पण घराण्याची नव्हे

कुणीतरी विचारलंय, लैंगिकता आणि स्थलांतरावर काम करणाऱ्या समाजशास्त्रज्ञाला वंशावळ कशाला हवी? ही घराण्याची वंशावळ नाही. जर्मन तत्त्वज्ञ नित्शे, मग फ्रेंच विचारवंत फूको यांच्या अर्थाने, आज स्वाभाविक वाटणारी वर्गवारी कुठून आली ते मागे जात शोधणं. (फूको वाचताना डोकं दुखतं, मान्य.)

अमेरिकेचंच घ्या. १८७५चा पेज कायदा, म्हणजे देशात कोणाला येऊ द्यायचं नाही ते सांगणारा कायदा, कागदावर वेश्याव्यवसायाविरुद्ध होता. प्रत्यक्षात हाँगकाँगला, बोटीत चढण्याआधीच, चिनी बायकांच्या चारित्र्याची उलटतपासणी व्हायची. १९५२च्या स्थलांतर कायद्यात प्रवेशबंदीसाठी 'मनोविकृत व्यक्तिमत्त्व' हा शब्द आला, समलिंगी माणसं त्यात कोंबली गेली आणि १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. ती बंदी गेली थेट १९९०मध्ये. म्हणजे सीमेवरचा अधिकारी नुसते कागद तपासत नव्हता, समलिंगी कोणाला म्हणायचं तेही ठरवत होता.