बुखारी शाफिई की हंबली? तबकात-ग्रंथ वाचायचे कसे?

प्रश्न (जुनी_पोथी): तबकात म्हणजे विद्वानांचे पिढ्यांनुसार लावलेले चरित्रकोश. ताजुद्दीन सुबकी (मृ. १३७०) यांच्या शाफिई चरित्रकोशात हदीसकार (पैगंबरांच्या वचनांचे संकलक) बुखारींची नोंद आहे. इब्न अबी यअला (मृ. ११३१) यांच्या हंबली कोशातही ते आहेतच. मग एखादा फकीह (इस्लामी कायद्याचा जाणकार) शाफिई, हंबली अशा कोणत्या मझहबचा (कायदा-परंपरेचा), हे या कोशांवरून ठरवता येतं का?

प्रतिसाद (शाईदौत): नुसत्या नावावरून नाही. नोंदीतलं क्रियापद बघा. ‘समिआ मिन’ म्हणजे अमक्याकडून हदीस ऐकली. ‘तफक्कहा अला’ म्हणजे त्याच्या हाताखाली फिकह (कायदेशास्त्र) शिकला. इब्न अबी यअलांच्या पहिल्या तबक्यात, म्हणजे पहिल्या पिढीत, हंबलींचे इमाम अहमद इब्न हंबल यांच्याकडून काही ऐकलेले, त्यांना मसले (कायद्याचे प्रश्न) विचारलेले असे सगळे अक्षरक्रमाने येतात. बुखारी तिथे याच नात्याने आहेत. शिवाय ते वारले ८७० मध्ये. इमाम शाफिईंची शिकवणी बगदादमध्ये घट्ट बसली ती इब्न सुरैज (मृ. ९१८) यांच्यामुळे, आणि अहमदांची उत्तरं गोळा करून ग्रंथात आणली खल्लाल (मृ. ९२३) यांनी. त्याआधीच्या माणसाला मझहबचं लेबल लावलं की घोटाळा होतोच.

प्रतिसाद (कूफा_बसरा): आधी अबू इसहाक शीराझी (मृ. १०८३) यांचा फकीहांचा कोश उघडा. छोटेखानी ग्रंथ आहे, बऱ्याच नोंदी दोन-चार ओळींच्या: नाव, मृत्युवर्ष, गुरू. पण रचना पाहण्यासारखी आहे. सहाबांनंतरचे (पैगंबरांच्या सोबत्यांनंतरचे) फकीह मदिना, मक्का, कूफा, बसरा असे शहरवार लावलेत. पुढे शहरं सुटतात आणि इमामांची नावं येतात: शाफिई, हनफी, मालिकी, हंबली, झाहिरी. मझहब घडल्याची खूण मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसते. शीराझी स्वतः बगदादच्या निझामियात शिकवत. १०६७ मध्ये सुरू झालेला हा मदरसा शाफिईंसाठी होता, त्यामुळे इब्न सुरैज, त्यांचे गुरू अन्माती, अन्मातींचे गुरू मुझनी आणि मुझनींचे गुरू खुद्द शाफिई ही साखळी अखंड दाखवण्याला मोल होतं.

प्रतिसाद (शाईदौत): एक भर. दोन कोशांतल्या ‘तबक्यां’ची बेरीज-तुलना करू नका. सुबकींचे सात तबके साधारण शतकवार आहेत, तर इब्न काझी शुहबा (मृ. १४४८) यांचे २९, प्रत्येकी सुमारे वीस वर्षांचे. माणूस मृत्युवर्षावरून बसवतात, म्हणून गुरू दीर्घायुषी निघाला की गुरू-शिष्य एकाच तबक्यात सापडतात.

हनफींचं काम जास्त अवघड. त्यांचा हाती असलेला पहिला मोठा कोश कैरोच्या कुरशींचा (मृ. १३७३), अक्षरक्रमाने रचलेला, म्हणजे हनफींचे इमाम अबू हनीफा यांच्यानंतर सहाशे वर्षांनी. तिथली जुनी नावं खतीब बगदादींच्या (मृ. १०७१) बगदाद-इतिहासाशी ताडून घ्या. मात्र त्या इतिहासातली खुद्द अबू हनीफांची नोंद जपून वाचा, निंदेच्या रिवायती (ऐकीव कथनं) तिथे ढिगाने आहेत.

जुनी_पोथी: मग सुबकी अहमद इब्न हंबलांनाही शाफिईंच्या पहिल्या तबक्यात घेतात, तेही याच न्यायाने?

कूफा_बसरा: हो. अहमद शाफिईंकडे बसले, त्यांच्याकडून ऐकलं. सुबकींना तेवढं पुरतं.